भाचीच्या श्वासातला सुगंध

माझ्या ताईच्या पार्लरमध्ये त्या दिवशी केस कापायला कुणीच आलं नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या खोलीत माझी भाची पलंगावर पडली होती आणि लोक एकेक करून तिच्या तोंडाजवळ नाक नेत होते. तिच्या श्वासाला म्हणे पिकल्या फळांचा दैवी सुगंध येत होता.

उशाशी ताई ज्यांना मानायची ते महाराज बसले होते. "सुई बंद झाली आणि देव सुरू झाला," ते सांगत होते.

पोरीला लहानपणापासून मधुमेह. इन्सुलिनवर जगणारी. ते महाराजांनी दोन दिवसांपूर्वी बंद करवलं, हे मला कामावरून परतल्यावर कळलं आणि माझं डोकंच फिरलं.

"ताई, अक्कल गहाण टाकलीस का?"

"मला तर वास येतच नाहीये रे. पण एवढी माणसं खोटं बोलतील?"

"पोट बघा," महाराज म्हणाले, "लाकूड झालंय. देह कडक होतोय म्हणजे आत्मा सुटतोय."

मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून डॉक्टरबाईंना अक्षरशः ओढत आणलं. त्यांनी पोट दाबलं, पोरीची धाप पाहिली, एकदा हुंगलं.

"आत्मा खरंच सुटेल, आणखी थांबलात तर. रुग्णवाहिका बोलवा."

गाडी येईपर्यंत त्यांनी टेबलावरची नेलपॉलिश काढायची बाटली उघडून एका भक्ताच्या नाकाखाली धरली. "हाच का तुमचा देव?"

भक्त चाचरला. "वास... तसाच आहे."

"ॲसिटोन आहे हे. इन्सुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही, मग ते चरबी जाळतं. त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्तातलं आम्ल वाढतं. श्वासाला हा वास येतो. पोट इतकं दुखतं की स्नायू आवळून फळी होतात."

ताईने ती बाटली स्वतःच्या नाकाशी नेली. दिवसभर त्याच वासात वावरणारी ती. लेकीचा श्वास तिला दुकानाचाच वाटला होता.

रुग्णालयात सलाईन आणि इन्सुलिन सुरू झालं, तसं पोट मऊ पडलं, सुगंधही ओसरला. पोरीने डोळे उघडून आईला हाक मारली. मी बाहेर जाऊन रडून घेतलं.

आत परतताना पाहतो तर औषधांच्या खिडकीशी महाराज, हातात स्वतःच्याच मधुमेहाच्या गोळ्या. पोरीची औषधं घ्यायला आलेली ताई त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही नाही बंद केल्यात त्या?"

महाराजांना एकाएकी घाई झाली.

देव मानायचा तर खुशाल माना. पण कुणी चालू औषध बंद करायला सांगितलं, तर आधी डॉक्टरांना विचारा. भाची आता वेळेवर सुई टोचून घेते आणि माझ्याशी कडाकडा भांडते. मला एवढा चमत्कार पुरे.