जित्त्याचा दुखवटा

त्या हिवाळ्यात शेषराव रोज संध्याकाळी सव्वासातला मरत असे. एका दिवशी दोन गावं असली तर दोनदा. देवीदासला ते मरण पाठ झालं होतं. फिल्म अकरा मिनिटांची. चौथ्या मिनिटाला शेषराव पहिला घोट घेई, सहाव्याला झोकांड्या खात येई, सातव्याला गटाराच्या कडेला कोसळे. नवव्या मिनिटाला पडद्यावर नुसता त्याचा चेहरा उरे. अर्धवट मिटलेले डोळे, ओठाच्या कोपऱ्यात बसलेल्या माश्या. मग भारदस्त आवाज म्हणे, "आणि एके दिवशी तो उठलाच नाही."

देवीदास अमरावतीच्या ग्रामहित प्रचार मंडळात होता. मंडळाची निळी मोटार तोच चालवी आणि गावात पोचल्यावर सिनेमाचं मशीनही तोच लावी. मोटारीत दोन रिळं असत. एक कपाशीवरच्या बोंडअळीचं, दुसरं हे, 'दारूचा शेवट'. बोंडअळीच्या वेळी लोक तंबाखू मळत. दारूच्या वेळी हसत. शेषराव कोसळला की शिट्ट्या वाजत आणि मागून कोणी तरी हमखास ओरडे, "पुन्हा पाड बे त्याले!" माश्या दिसल्या की हसणं थांबे. त्यानंतर बायकोचं कोरं कपाळ येई, आणि शेवटी दगडावर बांगड्या फोडणारे दोन हात. लोक चुपचाप उठून घरी जात. मंडळाच्या अहवालात या चुपचाप जाण्याला 'परिणाम' म्हणत.

१९६३च्या डिसेंबरात दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी खेळ होता. मंडळाचे सेक्रेटरी खुशालराव त्या दिवशी मुद्दाम सोबत आले होते. त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती, खुर्चीवर सतरंजी होती. नववं मिनिट आलं आणि बायकांच्या बाजूला एक म्हातारी उभी राहिली.

"अवं माय वं!" ती किंचाळली. "माह्या पंचीचा शेषराव वं! शेषराव मेला वं!"

बायांनी तिला धरलं. ती खाली बसेना. पडद्यावर बायकोचं कोरं कपाळ आलं तशी तिने दोन्ही हातांनी छाती पिटायला सुरुवात केली. "पंचे, तुह्यं कपाळ वं! अवं, मले कोनी सांगतलं बी नाई वं!"

खुशालराव खुर्चीतून वळून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "पाहिलं का, देवीदास? याला म्हणतात असर. डायरेक्टर मुंबईचा तो मुंबईचाच." त्यांनी खिशातून वही काढून टॉर्चच्या उजेडात दोन ओळी लिहिल्या.

देवीदासचा हात मशीनवर होता. फिल्ममध्ये त्या माणसाचं नाव कुठेही घेतलेलं नव्हतं. म्हातारीने नाव घेतलं होतं, आणि ते बरोबर होतं. त्याने दहा पावलं चालत जाऊन तिला सांगायला हवं होतं की बाई, हे खोटं आहे, फिल्म काढली त्या दिवशी हा माणूस जिवंत होता. पण त्या दिवसानंतर तो जगला की मेला हे देवीदासलाच ठाऊक नव्हतं. अडीच वर्षांत त्याने चौकशीही केली नव्हती. त्याने रीळ गुंडाळलं, बोंडअळी लावली.

*

शेषरावला शोधून काढलं होतं देवीदासनेच. एकसष्टच्या उन्हाळ्यात मुंबईचा डायरेक्टर अकोल्याला आला, तेव्हा त्याने सोबत एक नट आणला होता. नटाने दोन दिवस झोकांड्या खाल्ल्या. डायरेक्टर म्हणाला, हा दारुडा वाटत नाही, दारुड्याची टिंगल वाटते. मला खरा पाहिजे. खुशालरावांनी देवीदासला पिटाळलं. मोर्णा नदीच्या पुलाजवळ शेषराव सापडला. एके काळी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तेव्हा नुसता पडून असायचा.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं कॅमेरा घेऊन गेली, तर शेषराव नदीवर तोंड धुऊन, केस चापून बसलेला. सिनेमात घेणार म्हणून तो रात्रभर प्यायला नव्हता. हात थरथरत होते, पण मान ताठ होती. "सांगा साहेब, काय करा लागते?" त्याने विचारलं. डायरेक्टरने कपाळावर हात मारला. मग देवीदासला बाजूला घेऊन म्हणाला, एक बाटली आण. लवकर आण, ऊन वर चढतंय.

दारूबंदीच्या फिल्मसाठी हातभट्टीची बाटली देवीदासने आणली. ती मंडळाच्या पिशवीत घालून आणली, कारण त्या पिशवीला पोलीस हात लावत नसत. शेषराव आधी नको म्हणाला. दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला नाही.

दुपारी तो गटाराच्या कडेला पालथा पडला. त्याला उलटा केला. माश्या बसेनात, म्हणून डायरेक्टरच्या मदतनिसाने गुळाचा खडा थुंकीने ओला करून त्याच्या ओठांच्या कडेला चोळला. देवीदास चांदीचा कागद लावलेली फळी धरून उभा होता. उन्हाची तिरीप त्या चेहऱ्यावर नीट पडावी हे त्याचं काम. माश्या आल्या. एक नाकपुडीत शिरली. शेषरावने तोंड वाकडं केलं, तसा डायरेक्टर पुटपुटला, "हलू नको, हलू नको बाबा." देवीदासला ओकारी आली. त्याने ती गिळली, कारण फळी हलली असती.

संध्याकाळी ते त्याच्या घरी गेले. बायको पंचफुला घाबरली, पण शहरातले साहेब आलेत म्हणून तिने दारात पाणी शिंपडलं. डायरेक्टर म्हणाला, बाई, घामाने तोंड चमकतंय, स्वच्छ धुऊन या. तिने रांजणातलं पाणी घेऊन खसाखसा तोंड धुतलं. कुंकू धुतलं गेलं. ते पुन्हा लावायच्या आत कॅमेरा फिरला. बांगड्या फोडणारे हात तिचे नव्हते. ते बाजारातल्या एका भाजीवालीचे होते.

*

म्हातारी रडली त्याला आठ दिवस झाले, आणि सकाळी अकराच्या सुमाराला मंडळाच्या कचेरीत एक जोडपं आलं. पुरुष धुतलेला सदरा घातलेला, दाढी केलेला. देवीदासने त्याला ओळखलं नाही. बाईला मात्र ओळखलं. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं.

"सेक्रेटरी कोन हाय?" तिने विचारलं.

"मी. बसा, बसा," खुशालराव म्हणाले. ते पान लावत होते.

"बसाले नाई आली. साहेब, माही माय सुभद्रा आमच्या घरी आली, मूर्तिजापूरले. छोट्या रेलगाडीनं. टेसनापासून रडत. संग कोरं लुगडं घेऊन, इधवेले नेसवाले. गल्ली गोळा झाली. अन् हे," तिने नवऱ्याकडे बोट केलं, "हे भाकर खाऊन राह्यले होते. माय यायले पाहून तिथंच पडली. शुद्धीवर आली तं म्हने, भूत हाय, हात लावू नोको पंचे! मी म्हटलं, माय, तुले कोनं सांगतलं? तं म्हने, सरकारी गाडीनं दाखवलं. सरकारी गाडीत खोटं कसं दाखवतीन?"

खुशालरावांनी पान खाली ठेवलं. शेषरावकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "म्हणजे तुम्ही ते?" आणि त्यांचा चेहरा फुलला. "जिवंत! आणि पीत नाही?"

"दोन वर्सं झाले," शेषराव म्हणाला. "अकोला सोडून मूर्तिजापूरले आलो तवापासून. कापसाच्या प्रेसमंदी हाओ. गाठींवर मार्का घालतो."

"अरे, हे तर सोन्याहून पिवळं झालं!" खुशालराव उठलेच. "देवीदास, ऐकतोस का? दुसरा भाग! डायरेक्टरला पत्र टाकू. आधी हा असा पडलेला, मग हा असा उभा. आणि रविवारी मूर्तिजापूरला आपला खेळ आहेच. फिल्म संपली की यांना एकदम स्टेजवर बोलवायचं. शाल, नारळ. लोक वेडे होतील!"

"रविवारचा खेळ बंद करा," पंचफुला म्हणाली.

"अहो बाई, पण यात तुमचा सत्कार आहे."

"सत्कार गेला चुलीत. प्रेसमंदी कोनाले मालूम नाई हे पेत होते म्हनून. मुकादम पाहीन तं दुसऱ्या दिवशी घरी बसवीन. घरी बसले का मंग काय होते, थे मले मालूम हाय. तुमाले नाई मालूम. आनखी किती गावात मी रांडमुंड झाली, थे सांगा पह्यले."

खुशालरावांचा आवाज जरा उतरला. "हे बघा, मंडळाने सगळं कायदेशीर केलेलं आहे. संमतिपत्र आहे." त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि कागद टेबलावर ठेवला. मजकुराखाली निळ्या शाईचा अंगठा होता.

शेषराव वाकून बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग त्याने टेबलावरचा टाक उचलला आणि शेजारच्या कोऱ्या कागदावर आपलं नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट, गावासकट. दुकानाच्या पाटीवर शोभावं असं अक्षर.

"साहेब, मले लिवता येते," तो म्हणाला. "मी अंगठा कायले देईन?"

खुशालरावांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. त्यांना वाट सापडली, तसे ते हसले. पानाने लाल झालेले दात दिसले. "बरोबर आहे. तुम्हाला सही येते. म्हणजे हा अंगठा तुमचा नाही. म्हणजे फिल्ममधला माणूस तुम्ही नाही. तोंडावळा सारखा असतो काही लोकांचा. मग तक्रार कसली?"

"साहेब!" पंचफुला ओरडली.

"मी कागदाबाहेर बोलत नाही, बाई. अंगठा तुमच्या नवऱ्याचा असेल तर संमती आहे. नसेल तर फिल्मशी तुमचा संबंध नाही. दोन्हीपैकी कोणतं ते तुम्ही ठरवा." त्यांनी पान तोंडात टाकलं.

देवीदास दाराशी उभा होता. पुढच्या जानेवारीत त्याला कायम करणार होते. तसं पत्र याच कपाटात, याच माणसाच्या सहीची वाट बघत होतं. खुशालरावांच्या गालात पान फिरत होतं आणि ओठाच्या कोपऱ्याला चुन्याचा एक ठिपका लागला होता. देवीदासची नजर त्या ठिपक्यावरून हलेना. तो दारातून टेबलाशी आला.

"तो अंगठा यांचाच आहे," तो म्हणाला. "मी लावला."

त्याने कागदावरच्या निळ्या ठशावर बोट ठेवलं.

"गटाराशी पडले होते तेव्हा. फिल्म काढून झाल्यावर. शाईची गादी मंडळाची होती. मी बोट धरून टेकवलं. हे शुद्धीत नव्हते. बाटलीही मीच आणली होती. सकाळी हे नको म्हणत होते."

"देवीदास," खुशालराव सावकाश म्हणाले, "तुला ताप आलाय."

"लिहून देतो."

पंचफुला वळली. आत आल्यापासून तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू थोच ना? फळी घेऊन आलता?"

"हो."

"यायचा हात धरला तवा गरम होता का थंडा?"

देवीदासला प्रश्न कळला. "गरम होता."

"मंग तुले मालूम होतं हे जित्ते हाय. अन् अडीच वर्सं रोज लोकायले दाखवून राह्यला, मेले म्हनून?"

"हो."

ती त्याच्यावर थुंकेल असं त्याला वाटलं. थुंकली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पदर तोंडाला लावला, गटाराजवळून जाताना लावतात तसा.

देवीदासने उभ्या उभ्याच चार ओळी लिहिल्या, खाली सही केली. खुशालरावांनी तो कागद वाचला नाही. त्यांनी फक्त हात पुढे केला. "मोटारीची किल्ली. मशीनची पण. समितीची बैठक फेब्रुवारीत आहे, तक्रार तिच्यापुढे ठेवू. रविवारचा खेळ ठरल्याप्रमाणे होईल. गाडी चालवणारे पुष्कळ मिळतात."

देवीदासने दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मोटार सकाळी धुवायला उघडली होती, ती अजून उघडीच होती. त्याने मागच्या फळीवरून पत्र्याचा गोल डबा उचलला आणि आवाराच्या फाटकाशी जाऊन थांबला. दोघं बाहेर आली तसा त्याने डबा पंचफुलापुढे धरला.

तिने झाकण उघडलं. फिल्मचं टोक बोटाने ओढलं, उन्हासमोर धरलं. नखाएवढी चित्रं, एकासारखं एक. तिने डोळे बारीक केले. "हेच काय?"

"हेच."

"याच्यात हे मेले, अन् मी पांढऱ्या कपाळाची?"

"हो."

तिने झाकण लावलं आणि डबा शेषरावकडे दिला. त्याने तो सदऱ्याला लागू नये म्हणून लांब धरला.

"अशे किती हाय?" तिने विचारलं.

"सहा. हे धरून."

"बाकीचे कुठं?"

"यवतमाळला एक. खामगावला एक. बुलढाणा, चांदा. एक नागपूरला." तिने ती नावं तोंडातल्या तोंडात म्हटली, एकदा, पुन्हा एकदा. चांद्याला अडखळली, तेव्हा देवीदासने ते परत सांगितलं.

"खामगावचा खेळ कवा असते?"

"गुरुवारी. बाजाराच्या दिवशी."

"मंग गुरुवारी खामगाव. आमी दोघंई उभे राहू लोकायपुढं. अन् तू बी ये."

शेषरावने डबा दुसऱ्या हातात घेतला. "याले काहून नेतं?" तो म्हणाला. "पंचे, मले याचं तोंड नाई पाहवत."

"मले तरी कुठं पाहवते. पन बाटली आनली हे आपून सांगतलं तं कोन आयकीन? म्हनतीन, दारुडा हाय, बोलून राह्यला. थे यालेच सांगा लागन." तिने देवीदासकडे न बघताच विचारलं, "सांगशीन ना बे? का तवा बी फळी धरून उभा राह्यशीन?"

"सांगीन," देवीदास म्हणाला.

ती दोघं राजापेठेच्या बाजूला निघाली. मागे कचेरीच्या खिडकीतून खुशालराव डब्याबद्दल काहीतरी ओरडत होते. शेषरावने एकदा वळून पाहिलं आणि डबा काखेत घट्ट मारला, सदऱ्याची पर्वा न करता. देवीदास त्यांच्या मागे चालू लागला. पंचफुला थांबली. हाताने खूण करून तिने त्याला आणखी मागे राहायला सांगितलं. तो दहा पावलं मागे राहिला, आणि बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत त्याने ते अंतर कमी केलं नाही.