तुमाला ऐकू आलं का, जाऊबाई?

पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता, म्हणून आम्ही दोघी जावा मिरच्या घरातच वाळवत बसलो होतो. चुलीची धग जमिनीखालून खेळवलेली, त्यानं जमीन तापलेली, तिच्यावर लालभडक मिरच्या पसरलेल्या, आणि शिंकून शिंकून दोघी बेजार. पलीकडच्या खोलीत सासूबाई पडून होत्या. कंबर मोडल्यापासून त्यांना उठताच येत नव्हतं.

धाकटी जाऊ ओकबुन देठं खुडत होती. तिला आवाज ऐकू येतात हे गावात सगळ्यांना ठाऊक. जिथं कुणी नाही तिथून माणसं बोलतात, आणि बोलतात ते वंगाळच. त्यावर आम्ही दोघींनी एक रिवाज पाडला होता. कानावर काही आलं की ती विचारायची, "तुमाला ऐकू आलं का, जाऊबाई?" ऐकलं असेल तर मी व्हय म्हणायची, नसेल तर न्हाई. मी न्हाई म्हटलं की ती मान हलवून कामाला लागायची. तिची समजूत घालायला म्हणूनसुद्धा मी कधी खोटं बोलले नाही.

गेल्या भातलावणीत मात्र मी जवळ नव्हते. तिनं 'आग, आग' करून सारं गाव चिखलातून पळवलं, आणि आग कुठंच नव्हती. लोकांना वर्षभराची चेष्टा मिळाली. तिचा नवरा गिलसू भडकून म्हणाला होता, पुन्हा गाव उठवलंस तर सुगीचा चुसोक सण झाला की शहरातल्या कुलपाच्या दवाखान्यात नेऊन टाकीन. तो बोलतो ते करतो.

त्या दुपारी चौकातला कर्णा वाजायला लागला. मुखियाला गावाला काही सांगायचं असलं की तो वरच्या कचेरीत बसून त्यातूनच सांगतो. पण मागच्या वादळात कर्ण्यात पाणी शिरलं, तेव्हापासून त्यातून नुसती खरखर येते. करतो दुरुस्त, करतो दुरुस्त म्हणत मुखियानं उन्हाळा काढला. आजही कुणी कढईत भजी सोडावीत तसा आवाज चालला होता. फोन सकाळपासून बंद होते.

ओकबुनचा हात थांबला.

"तुमाला ऐकू आलं का, जाऊबाई?"

"खरखर आली."

"बोलणं?"

"न्हाई."

एरवी ती इथं थांबली असती. आज तिनं माझं मनगट धरलं. "मुखिया म्हंतोय, तळ्याचा बांध खचाय लागलाय. समद्यांनी टेकावरच्या शाळंत जावा."

तळं आमच्या डोक्यावर. हे खरं असेल तर घरात थांबणं म्हणजे मरण, आणि खोटं निघालं तर ओकबुन कुलपात. मी जीव कानात आणून ऐकलं. खरखरच होती.

"तुजीच माणसं न्हवं ही?" मी विचारलं.

"माजी माणसं नाव घिऊन बोलत्यात. ओकबुन, तू नासकी. ओकबुन, जीव दे. ह्यो माजं नावच घेत न्हाई, समद्यांस्नी सांगतोय. म्हाताऱ्यांस्नी पाठीवर घ्या म्हंतोय." तिनं हातातलं देठ टाकलं. "माज्यातल्या कुनी आजपत्तुर म्हाताऱ्यांची काळजी केली न्हाई, जाऊबाई."

मी कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि उठले. "तू आत्यांस्नी पाठीवर घे. आन् तोंडातनं शब्द काढू नगंस. काय वरडायचं ते मी वरडते."

पितळी भांडं बडवत मी बाहेर पडले. दारात गिलसू गोठ्याचं छप्पर बांधत होता. त्यानं वाट अडवली. "कुनी सांगितलं, वैनी? हिनंच न्हवं?"

"म्या ऐकलं," मी म्हणाले. "ह्या दोन कानांनी."

मोठ्या वहिनीला खोटी कसं म्हणावं? तो बाजूला झाला. पण गावाचं तोंड एकदा दुधानं पोळलेलं. लोक ताकही फुंकायला लागले. कुणी म्हणालं, फोन लागेपर्यंत थांबू. कुणी म्हणालं, धाकटीचं वारं थोरलीला लागलं. मी खोटी निघाले तर माझ्या तोंडात शेण घाला, असं दारोदार सांगत फिरले तेव्हा कुठं माणसं कुरकुरत चढणीला लागली. ओकबुन पुढं, पाठीवर सासूबाई, पाय चिखलात रुतताहेत. गिलसू मागून आधार देत होता.

शाळेत बसून राहिलो. काहीच होईना. माणसं माझ्याकडं बघायला लागली. एकजण बैल सोडायला परत निघाला, त्याला मी दंडाला धरून बसवला. कोपऱ्यात ओकबुन कानांवर हात घेऊन बसली होती. आपणच हिला कुलपात घातलं असं वाटायला लागलं.

मग डोंगरच हलल्यासारखा आवाज झाला. खाली गढूळ पाणी गावात शिरलं. आमचा गोठा, मिरच्यांची खोली, सगळं त्यात गेलं. माणूस मात्र एकही गेलं नाही.

संध्याकाळी मुखिया शाळेत आला. ओरडून त्याचा घसा बसला होता. त्या मोडक्या कर्ण्यातलं कुणाला कळलं, असं त्यानं विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"मला खरखरच ऐकू आली," मी म्हणाले. "बोलणं ओकबुननं ऐकलं."

गिलसू आईच्या पायांचा चिखल पुसत होता, तो पुसतच राहिला.

थोड्या वेळानं ओकबुन माझ्याजवळ सरकली. "म्हंत्यात, ओकबुन, समद्या मिरच्या तू बुडवल्यास. तुमाला ऐकू आलं का, जाऊबाई?"

"न्हाई," मी म्हणाले.

गिलसूनं मान वर केली नाही. फडकं पिळता पिळता तो म्हणाला, "मलाबी न्हाई."