टिलीचा पोहण्याचा फोटो

ब्रॉनविन अ‍ॅडलेडच्या नगरपालिकेत कुत्र्यांच्या परवान्यांचं काम करते, असा तमाम नातेवाइकांचा पक्का समज होता. त्यामुळे रविवारी बहिणीच्या अंगणात शेगडीवर सॉसेज चढली, की जो तो शेजाऱ्याच्या कुत्र्याचं गाऱ्हाणं घेऊन तिच्याकडे यायचा. तीही गंभीरपणे मान डोलवायची. खरं काम सांगायला बंदी होती, तोंडातून शब्द गेला की नोकरी गेली. इंटरनेटवर मुलांवरच्या अत्याचाराची जी घाण पसरते ती पाहायची, कायद्याच्या कुठल्या वर्गात बसते ते ठरवायचं आणि काढून टाकायला लावायची. याची भरपाई म्हणून साहेबलोक तिला अधूनमधून रंगीत खडू देऊन फुलं रंगवायला बसवत. मनाला बरं वाटतं म्हणे.

धाकट्या बहिणीला, नॅरेलला मात्र जगापासून लपवण्यासारखं काही नव्हतंच. लेकीचा, टिलीचा दात पडला तरी गावभर फोटो.

"अगं, साऱ्या जगाला कशाला दाखवतेस?" ब्रॉनविन म्हणायची.

"तू ना, कुत्र्यांच्या खात्यात राहून वसकायला शिकलीस!" नॅरेल हसायची. पालथ्या घड्यावर पाणी.

गुरुवारी एका किळसवाण्या साइटची तक्रार आली. ब्रॉनविनने ती उघडली आणि त्या नरकात तिला टिली दिसली. शाळेच्या शर्यतीतली, पोहण्याच्या पोशाखात, हातात बक्षिसाची फीत. नॅरेलने टाकलेला फोटो कुणीतरी उचलून आणला होता. खाली लोकांनी जे लिहिलं होतं ते सांगण्यासारखं नाही.

घरचं मूल असलं तर दुसऱ्याने तपासायचं, असा नियम. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या डेसने तपासलं.

"बसत नाही गं, ब्रॉन. अंगावर कपडे आहेत, पोरगी हसतेय. बेकायदा नाही."

"खालचं वाचलंस ना?"

"वाचलं. पण आपण फोटोला वर्ग देतो, बघणाऱ्याच्या डोक्याला नाही. बाकीच्या घाणीपायी ही साइट बंद होईल. पण तुझ्या बहिणीच्या पानावर तो फोटो आहे, तोवर कुणी ना कुणी उचलणारच."

एवढा बारीक चाळणीचा कायदा, आणि टिली त्यातून अलगद खाली पडली होती. ब्रॉनविनला रडू नाही, संताप आला.

रविवारी नॅरेलने मोबाइल नाचवत आणला. "बघ, हाच फोटो सगळ्यात गाजलाय! ओळख ना पाळख, पण माणसं किती गोड लिहितात!"

टिली मावशीला रेलून बसली होती. ब्रॉनविनने तिला सॉसची बाटली आणायला आत पिटाळलं. नोकरी गेली तर गेली.

"नॅरेल, मी कुत्र्यांच्या खात्यात नाही," ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. गुरुवारचंसुद्धा.

शेगडीजवळ मेहुण्याच्या हातातला चिमटा थांबला. नॅरेलचं तोंड पांढरंफटक पडलं. चला, एकदाचं पोचलं, असं ब्रॉनविनला वाटलं.

"म्हणजे... असले फोटो तू बघतेस? रोज?"

"बघावे लागतात. नॅरेल, तो फोटो आत्ताच्या आत्ता काढ."

"आणि इथे येऊन माझ्या लेकीला मांडीवर घेतेस?"

टिली बाटली नाचवत मावशीकडेच धावत आली. नॅरेलने तिला मधेच दंडाला धरलं आणि टेबलाच्या पार त्या टोकाला नेऊन बसवलं.

मोबाइल ब्रॉनविनपुढे तसाच पडून राहिला. त्या फोटोवर आणखी एका अनोळखी माणसाने लाल बदाम टाकला होता.