पाणकराची पाळी

तलावाचं पाणी सोडणारा कवडू पाणकर पाचव्या दिवशीही स्वतःहून लघवी करू शकला नव्हता.

सन छप्पन्नचा आश्विन. धान निसवायला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायला पाणी हवं होतं. तुडुमाचं, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीचं लाकडी बूच ओढताना कवडूचा पाय शेवाळावर घसरला आणि तो पारीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, दगडावर कमरेवर पडला. पाय हलत होते, पण लघवी बंद झाली. श्यामलाल डॉक्टर अर्जुनीहून येऊन मुक्कामाला राहिले होते. ते उकळलेली रबरी नळी घालून दिवसातून चारदा मूत्राशय रिकामं करत.

आज त्यांनी मुदत घातली होती. चारपर्यंत आपसूक झाली नाही, तर नागपूरचा मोठा दवाखाना. स्टेशनापर्यंत न्यायला बैलगाडी दारात जुंपूनच ठेवली होती.

"तिथं काय करतील जी?" कवडूनं विचारलं.

"पोटाला भोक पाडून नळी बसवतील."

"कवापर्यंत?"

कवडूची बायको रुख्मा लोटा घासत होती. तिचा हात थांबला.

"माहं बूच काऊन निघत नाई, ते तरी सांगा," कवडू म्हणाला.

"मूत्राशय म्हणजे तळं समज. तोंडाशी गोल स्नायू, तो तुझं बूच. तळं भरलं की निरोप मज्जातंतूंतून कण्याच्या खालच्या भागात जातो, तिथून वर मेंदूकडे. जागा मिळेपर्यंत मेंदू 'थांब' म्हणतो. मग हुकूम सुटतो. बूच सैल पडतं आणि त्याच वेळी तळ्याची भिंत आवळते."

"आमच्या तलावाची पार आवळत नाई जी."

"म्हणून हे तळं तुझ्या तलावाहून हुशार. तुझ्या कण्याला मार बसलाय, निरोप अडलाय. निरोपाची तार सुजली आहे की तुटली, ते आज कळेल."

तीन वाजून गेले. सकाळी नळी घातल्याला आठ तास होत आले; दुपारची नळी आज मुद्दाम घातली नव्हती. अंगणात उदाराम आणि चारपाच शेतकरी फावडी घेऊन बसले होते. कवडू बरा झाल्याशिवाय पाळीनं पाणी मिळणार नव्हतं, दुसऱ्या कुणी बुचाला हात लावायचा रिवाज नव्हता.

"उठते का पाणकर, का तलावच नागपूरले नेता?" उदाराम दारातून म्हणाला.

"बाहेर व्हा," डॉक्टर म्हणाले.

कवडूचा चेहरा बदलला. "डॉक्टरसाब, बेंबीखाली जड होऊन राहिला."

डॉक्टर खाटेशी आले. पाच दिवसांत त्यानं पहिल्यांदा असं म्हटलं होतं. "नक्की?"

"कोणी आतून ढकलून राहिला."

डॉक्टरांनी त्याला आधार देऊन खाटेच्या काठावर बसवलं, खाली गंज, पितळी पातेलं, ठेवलं. कवडूनं दात आवळले.

"जोर करू नको. जोर केलास तर बूच आणखी घट्ट होईल. बाई, लोट्यातून घागरीत पाणी ओता. बारीक धारेनं."

रुख्मा ओतू लागली. लोटा संपला, तिनं पुन्हा भरला. कवडूनं डोळे मिटले, खांदे सोडले. तिसऱ्या लोट्याला गंजात एक थेंब वाजला. मग दोन. मग काही नाही. रुख्मानं धार तुटू दिली नाही.

आणि गंज सलग वाजू लागलं.

रुख्मा लोटा टाकून दाराकडे धावली. "पानी सुटला! अवो, पानी सुटला!"

अंगण क्षणात रिकामं झालं. सगळे फावडी उचलून धानाच्या बांध्यांकडे पळाले, उदाराम सर्वांत पुढे.

डॉक्टरांनी गंजातलं मोजलं, मग एकदाच नळी घालून आत किती उरलं ते पाहिलं. जेमतेम अर्धा कप निघालं. "तार शाबूत आहे," ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी कवडूचे खांदे हलवले. गाडीवानानं बैल सोडले.

घटकाभरात उदाराम गुडघ्याएवढ्या चिखलानं माखून परत आला.

"पानी सुटला म्हणे. म्या पानी घ्याले बांधीचा धुरा फोडून बसलो. माह्या बांधीत थेंब नाई."

"बुचाले हात कोणी लावला काय?" कवडू म्हणाला.

"मंग सुटला कोठं?"

रुख्मानं पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी गंजाकडे बोट केलं. उदारामनं गंज पाहिलं, मग कवडूला पाहिलं, आणि फावडं खाली ठेवून मटकन बसला.

गावात पाणकराच्या बांधीला पाणी नेहमी सर्वांत शेवटी मिळे.

"आज पाळी माही होती," कवडू म्हणाला. "तुही पाळी मंग."