खडीवरच्या मुलाखती

“रात्री झोप लागते का, बाई?”

केशरबाईनं आधी श्रीमंतकडं बघितलं, मग उत्तर दिलं, “लागती की. लई लागती.”

त्र्याहत्तरचा उन्हाळा. बेंबळीच्या दुष्काळी कामावर बाभळीखाली बसून सोलापूरच्या कॉलेजातल्या शिवगंगाताई विचारत होत्या, दुष्काळात माणसाच्या मनाचं काय होतं. शेजारी खडीचा मुकादम श्रीमंत. त्यानंच ‘चला, एकेक या’ म्हणत बाया पिटाळल्या होत्या. सकाळपासून साऱ्या टोळीला गाढ झोप लागत होती, भय कशाचंच नव्हतं आणि मुकादम देवमाणूस होता. श्रीमंतच्या हिशेबी नुसती जमाच जमा.

मग मुक्ताबाई आली.

गेल्या महिन्यात तिच्या पोरीला हगवण लागली होती. ‘घरी जाऊ द्या’ म्हणाली, तेव्हा श्रीमंत म्हणाला होता, ‘खडीचं माप होऊ दे, मग जा.’ माप झालं. ती घरी पोचली तेव्हा पोर गेली होती. त्यावर तिनं कुठं चकार शब्द काढला नव्हता. आज काढला तर मुकादमकी जायची. श्रीमंत जरा जवळ सरकून बसला.

“सांगायचं नसेल तर सांगू नका,” ताई म्हणाल्या. “आणि सांगितलंत तरी कुणाला कळणार नाही.”

“कळणार न्हाय कसं? ह्ये हितंच बसलेत की.”

ताई वरमल्या. “चुकलंच माझं. सकाळची उत्तरं मी धरणार नाही. मुकादम, तुम्ही पलीकडं जा.”

“अवो, बाया बुजत्यात, म्हणून म्या...”

“जा तुम्ही.”

तो ढिगामागं गेला. तिथून दोघी दिसत होत्या, ऐकू काही येत नव्हतं. आख्ख्या कामावर त्याच्या कानाआड असलेली बाभळीखालची तेवढीच जागा.

बऱ्याच वेळानं मुक्ताबाई परतली, हातोडी घेऊन बसली.

“काय सांगितलंस गं?” श्रीमंतनं येऊन विचारलं.

“काय न्हाय. सांगायचं न्हाय म्हनले. त्या बरं म्हनल्या.”

“मग एवढा येळ?”

“बसलो व्हतो. त्या बी गप, म्या बी गप.”

श्रीमंतला हायसं वाटायला हवं होतं, वाटेना. बोलली असती तर निदान शिव्या तरी पदरात पडल्या असत्या.

“मुक्ताबाई, उद्या घरी ऱ्हा पायजे तर. खाडा मांडत न्हाय.”

“आता कशाला?” म्हणत तिनं पुढचा धोंडा ओढला.