इमामपूर घाट चढलेला बंब

मी तांब्याचा बंब. पोटात निखारे, भोवती पाणी आणि कमरेला तोटी, एवढंच आमचं शरीर. माणसं सकाळी उठल्या उठल्या माझी आठवण काढतात आणि आंघोळ झाली की विसरतात. देवाच्या वाट्यालाही साधारण हेच येतं, म्हणून मी कधी तक्रार केली नाही. पण बहात्तरच्या उन्हाळ्यात माझ्यावर जो प्रसंग आला, तो आमच्या जातीत कुणावरच आला नसेल. सांगताना अजून तोटी थरथरते.

नगरच्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं. कर्जतच्या सूर्यभानरावांनी लेकीच्या, छबूबाईच्या लग्नात मला रुखवतात मांडलं, आणि मी तिच्याबरोबर सोनईला आलो. जावई मच्छिंद्र तिथं स्वतःच्या गॅरेजात मोटारी दुरुस्त करायचा. सूर्यभानरावांना पुरुषांचे दोनच प्रकार ठाऊक होते : शेतात राबणारे आणि कारखान्यात हजेरी लावणारे. बॉनेटमध्ये डोकं घालून जेवण विसरणारा हा तिसरा प्रकार त्यांना कळेना.

मच्छिंद्रकडे एक जुनी जीप होती. लष्करी भंगाराच्या लिलावातून त्यानं तिच्यासाठी गोगलगाईसारखा वळलेला एक लोखंडी ऐवज आणला. त्याचं खरं नाव टर्बो, पण सोनईत सगळे त्याला शंख म्हणत. इंजिनाचा धूर बाहेर पडता पडता शंखातलं चाक फिरवतो आणि ते चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त जोर. मच्छिंद्र दोन दिवस गावभर हसत फिरला.

तिसऱ्या दिवशी हसू मावळलं. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं ना, तसंच इथं झालं. दाबलेली हवा तापायची, तापली की फुगायची, इंजिनात कमी मावायची, आणि जरा चढ लागला की इंजिन डब्यात खडे हलवल्यासारखं खडखडायचं.

हवा थंड करायला त्यानं आधी नळीवर ओलं गोणपाट गुंडाळलं. ते घोडेगाव यायच्या आत वाळून करपलं. मग नळी पाण्याच्या माठातून काढली. माठ पहिल्याच खड्ड्यात शहीद झाला.

नेमके त्याच वेळी सूर्यभानराव आले. "जावईबापू, साखर कारखान्यात फिटरची जागा हाय. मी शब्द टाकलाय. सोमवारी हजर व्हा. खेळणी लई झाली."

"मामा, रविवारी इमामपूर घाट चढून दावतो. तुमी, छबू आन् ज्वारीची चार पोती घेऊन. चढाला कुठं खालचा गिअर टाकावा लागला, तर सोमवारी गॅरेजला कुलूप."

"आन् चढली तर?"

"तर कारखान्याचं नाव काढायचं न्हाई. कवाच."

बोलून बसला आणि आंघोळीला आला. तिथं तो माझ्याकडे बघत राहिला. इतका वेळ माझ्याकडे कुणीच बघितलं नव्हतं. मला अंमळ लाज वाटली. मग साबणाच्या अंगानं तो ओरडला, "अगं ए! ह्यात जाळ मधी आन् पानी भवती. जाळाच्या जागी शंखाची गरम हवा सोडली तर?"

"आन् आंगुळीचं पानी कशावर तापवू?" छबूबाई चुलीजवळून म्हणाली. "तुमच्या डोक्यावर? ते तापल्यालंच हाय."

पण संध्याकाळी तिनंच मला चिंचेनं लखलखीत घासून दिलं. मच्छिंद्रनं माझ्या मधल्या नळकांड्यात बारीक तांब्याच्या नळ्यांची जुडी बसवली आणि एका तोंडानं हवा आत, दुसऱ्यानं इंजिनाकडे अशी वाट केली. जीपची पुढची डावी सीट काढून मला तिथं बसवलं.

रविवारी सूर्यभानराव ते बघून थबकले. "मी सासरा मागं पोत्यावर, आन् पुढं बंब?"

"आबा, तुमीच दिल्ता," छबूबाई म्हणाली.

एक चूक मात्र झाली. मच्छिंद्रनं मला पहाटे घरीच भरलं. बंब पहाटे भरायचा ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय! घाटाखालच्या पांढरीच्या पुलापर्यंत ऊन आणि शंख दोघांनी मिळून माझं पाणी कोमट करून टाकलं. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. बंबातलं पाणी तापतंय म्हणून आजवर कुणी घाबरलंय का?

घाट सुरू झाला. शंख शिट्टी घालू लागला. गरम हवा माझ्या पोटात घुसत होती आणि गार होऊन पळत होती! एक बैलगाडी मागं पडली, मग कण्हत चाललेला एक ट्रक. जन्मभर जागेवर बसलेला मी, वाऱ्यावर निघालो होतो!

निम्म्या घाटात इंजिनानं पहिला खडा वाजवला. मग दुसरा. छबूबाईनं मागून माझ्या अंगाला हात लावला. "आवं, ह्ये तर आंगुळीजोगतं झालंय!" तिनं तोटी सोडून खाली डबा धरला. "आबा, छागल द्या!"

छागल म्हणजे सूर्यभानरावांची पाण्याची कॅनव्हासची पिशवी. वाऱ्यानं तिच्यातलं पाणी गारेगार होतं. त्या कोरड्या सालात त्यांनी तिचा घोटही कुणाला दिला नव्हता.

"प्यायचं पानी हाय त्ये," ते म्हणाले. नुसते गप्प बसले असते, तरी पैज त्यांचीच होती.

खडखड वाढली. जीप मंदावली. समोर शेवटचं वळण उभं राहिलं. मच्छिंद्रचा हात गिअरच्या दांड्यावर गेला. सगळं गॅरेज त्या एका मुठीत आलं होतं.

"हात काढ तिथनं!" सूर्यभानराव गरजले. जावईबापू वगैरे सगळं पोत्यावरच राहिलं. ते गुडघ्यावर उठले आणि अख्खी छागल स्वतः माझ्यात ओतू लागले. "छबे, तोटी बंद करू नगं! दाब रं पोरा, दाब!"

गार पाणी माझ्या अंगात उतरलं. खडखड विरली. शंख पुन्हा शिट्टी घालू लागला आणि आम्ही वळण घेऊन माथ्यावर आलो.

मच्छिंद्र स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता की रडत होता, ते मला कळलं नाही; मागून येऊन पोचलेल्या ट्रकच्या धुरात काहीच दिसत नव्हतं. सूर्यभानरावांनी मिशीवरचं पाणी निपटलं. "निम्मा घाट माझ्या पान्यानं चढला," ते म्हणाले. कारखान्याचं नाव त्यांनी काढलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

याला वर्ष होऊन गेलं. गॅरेज चालू आहे आणि मी अजून पुढच्या सीटवर आहे. अंगावर दोन पोचे पडलेत, पण मन ताजं आहे. परवा सूर्यभानराव एसटीनं आले. मांडीवर धोतरात गुंडाळलेला त्यांच्या घरचा बंब होता. जावयापुढं ठेवून हळूच म्हणाले, "एकानं पानी लवकर तापतंय. दोन जोडून बघा."

उद्या आम्ही दोघं भाऊ मोठ्या घाटाला निघालोय. निरोप घेण्यापूर्वी एकच विनंती. कर्जतला सूर्यभानरावांच्या मंडळी गोजरबाई आंघोळीसाठी खोळंबून घरभर बंब शोधताहेत. तुम्ही तिकडे गेलात तर कृपा करून काही बोलू नका; निदान आम्ही माथ्यावर पोहोचेपर्यंत तरी!