लाल रेघ

हौशी ड्रायव्हरांसाठी शर्यतीचा ट्रॅक खुला व्हायला एकच दिवस उरला होता. तिने जुन्या गाडीचं मागचं सीट काढून टाकलं, मोठे ब्रेक बसवले आणि चाकांचे नट जीव खाऊन आवळले. तोवर धाकटा दीर दारात उभा राहून नुसता बघत होता. पण तिने पर्समधून लाल नेलपॉलिश काढून प्रत्येक नटापासून चाकापर्यंत रेघ ओढली, तेव्हा त्याला राहवेना.

“वहिनी, गाडी ट्रॅकवर न्यायचीय की लग्नाला? कसला हा नट्टापट्टा!”

“उद्या बघा,” एवढंच ती म्हणाली. नाक मुरडणाऱ्याला समजावत बसायला ती काही रिकामटेकडी नव्हती.

सकाळी ट्रॅकवरच्या तपासनिसाने तिला डावलून दिरालाच विचारलं, “गाडी तुमची?”

“माझी. चालवणारही मीच,” ती ठणकावून म्हणाली.

तपासनीस चाकाशी वाकला. सगळ्या रेघा सरळ, अखंड होत्या. “नट जरा जरी सैल झाला असता, तरी रेघ तुटली असती. झकास! जा आत.”

मग मागेच रांगेत लावलेल्या दिराच्या चकचकीत गाडीची पाळी आली. पाना लावताच दोन नट गर्रकन फिरले.

“आवळा, अशाच खुणा करा आणि रांगेत मागे लागा!” तपासनिसाने बजावलं.

दीर मान खाली घालून तिच्या खिडकीशी आला. तिने हेल्मेट चढवलं आणि नेलपॉलिशची बाटली त्याच्या हातात ठेवली.

“दोन हात द्या, भाऊजी, आणि वाळेपर्यंत फुंकर घालत बसा. तोवर मी चार फेऱ्या मारून येते.”